शुक्र आणि हिशेब

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनानिमित्त पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'कृतज्ञता' हा विषय दिला. विषय हाती पडल्यावर कोणताही शिक्षक जे करतो तेच मी केले. निबंधाचे एक जुने पुस्तक काढले आणि टिपण तयार केले. परमेश्वराविषयी कृतज्ञता, आईवडिलांविषयी कृतज्ञता, समाजाविषयी कृतज्ञता, देशाविषयी कृतज्ञता. वीस मिनिटांची सोय झाली. मग माझ्याच वर्गात घडलेली एक गोष्ट आठवली आणि ते टिपण घरी ठेवून आलो. तुम्हाला तीच गोष्ट आधी सांगतो. तिच्यात माझीच फजिती आहे, तेव्हा मुलांनी हसायला हरकत नाही.

नववीच्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस गृहपाठ करून आला नाही. मी रागावलो आणि आपण शिक्षक मंडळी नेहमी वापरतो ते वाक्य वापरले. म्हणालो, "शिकला नाहीस तर हातगाडी लोटत बसशील." वर्ग हसला. मुलगा मान खाली घालून बसला. त्याचे वडील स्टेशन रस्त्यावर केळीची हातगाडी लावतात, हे मला ठाऊक नव्हते. वर्गातल्या मुलांना मात्र ते ठाऊक होते, आणि म्हणूनच वर्ग जरा जास्त हसला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना ते गृहस्थ फाटकाशी उभे. मला वाटले, आता भांडण होणार. ते हसतच पुढे आले आणि म्हणाले, "सर, हातगाडी लोटायला कुणाची मनाई नाही. पण हिशेबात कच्चा असलेला गाडीवाला दोन दिवसांत घरी बसतो. तुम्ही त्याला हिशेब पक्का शिकवा. पुढे गाडी लोटायची की मोटार चालवायची, ते त्याचं तो बघेल." मी माफी मागितली. ते म्हणाले, "माफी कसली सर, तुम्ही त्याच्या भल्याचंच बोललात." भांडले असते तर मला हलके वाटले असते.

मग फाटकाशीच उभे राहून त्यांनी मला त्यांच्या धंद्याचा हिशेब समजावून सांगितला. केळी घ्यायची किलोवर आणि विकायची डझनावर. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की सकाळची पिवळी केळी संध्याकाळी काळी पडतात. म्हणून दुपारनंतर तासातासाला भाव उतरवावा लागतो. फार लवकर उतरवला तर नफा गेला, उशिरा उतरवला तर माल गेला. "सगळा नफा शेवटच्या दोन डझनांत असतो सर." मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा गाडी उलटी करून घराला टेकवून ठेवली. त्याच वर्षी फेरीवाल्यांसाठी सरकारची १०,००० रुपयांच्या कर्जाची योजना आली. हे कर्ज वेळेवर फेडले तर पुढचे कर्ज वाढवून मिळते. त्यांनी ते घेतले, फेडले, पुढचे घेतले. हप्ते वहीत कोण लिहितो? माझा गृहपाठ न करणारा तो मुलगा. आणि ते दोन दिवस गृहपाठ का राहिला? तर वडिलांना ताप होता आणि शाळा सुटल्यावर गाडीवर तोच उभा होता.

निघताना मी विचारले, "धंदा कसा चाललाय?" ते म्हणाले, "अल्लाह का शुक्र है."

मित्रांनो, हे उत्तर आपण दिवसातून दहादा ऐकतो आणि त्याकडे आपले लक्ष जात नाही. माझेही गेले नसते. पण हे उत्तर ऐकत मी लहानाचा मोठा झालो आणि एकदा त्यावरूनच वडिलांशी भांडलोही. म्हणून ते कानात अडकले.

माझे वडील पिंजारी. आजच्या मुलांपैकी अनेकांनी पिंजण पाहिलेही नसेल. माणसाच्या उंचीएवढी लाकडी कमान, तिला ताणून बांधलेली तात, आणि त्या तातीवर मारायचे डमरूच्या आकाराचे लाकूड. जुन्या गादीतला दडपलेला कापूस तातीखाली धरायचा आणि ठोके मारीत राहायचे. तात थरथरते, कापूस सुटतो, धूळ वेगळी होते, आणि दगडासारखी झालेली गादी पुन्हा ढगासारखी होते. दिवाळीनंतर थंडी पडली की अब्बा पिंजण खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचे. तातीचा टणत्कार ऐकून बायका दारात यायच्या. आपल्या अमळनेरात आणि आजूबाजूच्या खेड्यांत अशी किती घरे असतील, ज्यांच्या गाद्या त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत! त्यांत सगळ्या जातीधर्मांची घरे आहेत. आपण कुणाच्या कापसावर झोपतो, हे झोपणाऱ्याला थोडेच आठवते?

संध्याकाळी ते घरी येत तेव्हा भुवया, पापण्या, दाढी सगळे पांढरे झालेले असे. अम्मी ओसरीवरच त्यांच्या अंगावरून फडके मारी. अब्बा म्हणत, "रोज सुबह जवान, रोज शाम को बुढा." पुढे खरोखर केस पांढरे झाले तरी हा विनोद त्यांनी सोडला नाही. फक्त म्हणत, "अब झटकने से भी नहीं जाता."

गल्लीतले गिऱ्हाईक अहिराणीत विचारी, "कसं काय शे चाचा?" अब्बांचे उत्तर ठरलेले, "अल्लाना शुकर शे." अरबी शब्द आणि अहिराणी प्रत्यय! मी बी.ए.ला मराठी घेऊन भाषाशास्त्र शिकलो, पण ह्या तीन शब्दांत आपला खानदेश जितका आहे तितका मला कोणत्याही पुस्तकात सापडला नाही.

आता भांडणाची हकीकत. बी.एड. झाल्यावर मला शिक्षण सेवक म्हणून नेमणूक मिळाली. त्या काळी माध्यमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाला महिना ८,००० रुपये मानधन होते. (२०२३ मध्ये ते १८,००० झाले.) पदवी पदरात, गल्लीत 'सर' म्हणून मान, आणि हातात आठ हजार. त्यातही एकदा सलग तीन महिने मानधन आलेच नाही. मी चिडलेला असे. त्या दिवशी घरी आलो तर अब्बा ओसरीवर पांढरेफटक बसलेले. एका गिऱ्हाइकाने दोन गाद्या करून घेऊन पैसे पुढच्या आठवड्यावर टाकले होते, आणि ते अम्मीला हसत हसत सांगत होते की, त्या माणसाला आज रात्री मऊ गादीवर झोप येणार नाही. शेजाऱ्याने जाता जाता विचारले, "काय चाललंय?" अब्बा म्हणाले, "शुक्र है."

माझा तोल गेला. म्हणालो, "कशाचं शुक्र? पैसे बुडाले त्याचं? खोकल्याचं? तुमच्यासारख्यांच्या ह्या शुक्रामुळेच लोक आपल्याला लुटतात."

अब्बा रागावले नाहीत. चहा संपवला आणि म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहून मी रडलो तर तो मला गादी देईल का? आणि दिवसातून पन्नास वेळा तोंडाने शुक्र म्हटलं की रात्रीपर्यंत ते थोडं आपल्याही कानात जातं." मग म्हणाले, "रही बात पैसे की. उद्या सकाळी मी त्याच्या दारात आहे. परवाही आहे. शुक्र अल्लाह का, पैसा गिऱ्हाईक का. ये दो खाते मिलाने के नहीं."

पैसे त्यांनी चौथ्या फेरीला वसूल केले. आणि मी? मी तीन महिने स्टाफरूममध्ये कुरकुर करीत होतो, पण एक साधा लेखी अर्जही केला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघा शिक्षकांनी मिळून अर्ज दिला, पोच घेतली, पाठपुरावा केला आणि थकबाकी मिळाली. कुरकुर करणारा शिकलेला मुलगा स्वस्थ बसला होता आणि शुक्र म्हणणारा अडाणी बाप वसुलीला निघाला होता.

कुराण शरीफचे पठण आपल्यापैकी बरेच जण करतात. त्यात चार ठिकाणी 'सब्बार' आणि 'शकूर' हे दोन शब्द जोडीने आले आहेत. फार धीर धरणारा आणि फार शुक्र मानणारा. मी आलिम नाही, त्यामुळे त्याचा तफसीर सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढेच म्हणतो की, धीर हा कामाच्या माणसाचा गुण आहे. ज्याला काही करायचेच नाही त्याला धीर लागतो कशाला? आपण मात्र सब्र म्हणजे गप्प बसणे आणि शुक्र म्हणजे मिळाले त्यात भागवणे असा सोयीचा अर्थ लावून घेतला आहे. विशेषतः दुसऱ्याच्या बाबतीत.

हे 'दुसऱ्याच्या बाबतीत' जरा स्पष्ट केले पाहिजे. गरीब माणूस हसतमुख दिसला की खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाला फार बरे वाटते. 'बघा, किती समाधानी आहेत हे लोक!' असे म्हणून तो मोकळा होतो. सभेत अशी भाषणे पुष्कळ होतात. मला आज तसले भाषण करायचे नाही, कारण माझ्या वडिलांची छाती मी ऐकली आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो, हे त्याचे ठळक लक्षण. गिरणी कामगारांत ते सोमवारी दिसते. अब्बांची सुट्टी शुक्रवारची, म्हणून त्यांची छाती शनिवारी आवळायची. ते म्हणत, "छातीलाही जुम्म्याची सुट्टी आवडते, शनिवारी ती कामावर यायला कुरकुर करते." आम्ही भावंडे हसायचो. ते रोगाचे लक्षण होते, हे मला फार उशिरा एका डॉक्टरांकडून कळले. १९४८ च्या कारखाने कायद्यात नोंद करावयाच्या रोगांच्या यादीत हे नाव होते. पण खांद्यावर पिंजण घेऊन फिरणारा पिंजारी कोणत्या कारखान्याचा कामगार? त्याची नोंद कुठेच नाही. आता त्यांचे पिंजण खुंटीला आहे. कापूस यंत्रावर पिंजून येतो आणि अब्बा घरी बसून गाद्यांना टाके घालतात. तेव्हा पालकहो, आपल्यात जे कुणी रुई, धूळ, भट्टी, रंग यांच्या कामात असतील त्यांनी शुक्र अवश्य म्हणावे, पण नाकातोंडाला फडके बांधावे आणि छाती तपासून घ्यावी. हेही शुक्रातच येते. शरीर आपल्याला उसने मिळालेले आहे.

नाशुक्रीचाही एक नमुना आपल्या गावात मिळतो. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना काढला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या ज्या घरांनी त्या काळी शेअर घेऊन ठेवले त्यांचे भाग्य उजळले. उरलेल्यांना एक कायमचा विषय मिळाला. 'आमच्या आजोबांनी चार शेअर घेतले असते तर!' चहाच्या टपरीवर हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते. न घेतलेल्या शेअरवर इतके व्याज कुणी भरले नसेल. त्याच आजोबांनी कारखान्यात, गिरणीत किंवा शेतात राबून ज्या भाकरीवर घर जगवले, तिचा विषय टपरीवर निघत नाही.

हे कष्टाचे आणि हसऱ्या तोंडाचे नाते आपल्या मातीत जुने आहे. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. जन्म १८८०. तेराव्या वर्षी लग्न. तिशीच्या उंबरठ्यावर वैधव्य. पदरात तीन मुले. प्लेगने थोरल्या मुलाला, ओंकारला, कायमचे अपंगत्व आले. शेतीचे कष्ट आणि भाऊबंदकीचा जाच होताच. अक्षराची ओळख नव्हती. एवढ्या भांडवलावर ही बाई जात्यावर बसून, शेतात वाकून गाणी रचीत होती. चूल, बैल, पेरणी, सुगरणीचे घरटे, माणसाचे मन. मी वर्गात मराठी शिकवतो तेव्हा माझा अनुभव असा की, उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलांना पुस्तकी मराठी अवघड जाते, पण बहिणाबाईंचे शब्द ओळखीचे वाटतात. ते त्यांनी भाजीबाजारात ऐकलेले असतात.

बहिणाबाई दुःख लपवीत नाहीत, हे लक्षात घ्या. वैधव्यावरही त्यांचे गाणे आहे. पण हातातले काम थांबत नाही आणि डोळ्यांचे कुतूहल आटत नाही. फाटकाशी उभे राहून केळीच्या भावाचे गणित सांगणाऱ्या त्या गृहस्थाच्या डोळ्यांत मी तेच कुतूहल पाहिले. आपल्या कामात ज्याला अजून नवल वाटते त्याला हसू येते. तोंडदेखले हसणे वेगळे आणि हे वेगळे.

आता विद्यार्थी मित्रांनो, पुढचा भाग तुमच्यासाठी. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. मग ती गाणी आपल्यापर्यंत आली कशी? त्यांचा मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी या दोघांनी ती ऐकून वहीत टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. जी गाणी कुणी टिपली नाहीत ती जात्यातल्या पिठाबरोबर गेली. सोपानदेव स्वतः शिकलेले, कवी म्हणून नाव मिळवलेले. अडाणी आईची बोलीभाषेतली गाणी लपवून ठेवण्याचा मोह त्यांना होऊ शकला असता. आपल्यातल्या कित्येकांना तो होतो. बापाचा धंदा विचारला की फॉर्मवर आपण 'व्यवसाय' असे मोघम लिहितो. मीही कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे 'कापसाचा व्यापार' असे लिहिले होते. अब्बांनी तो फॉर्म पाहिला नाही, आणि पाहिला असता तरी त्यांना वाचता येत नव्हते. मला वाचता येत होते.

ह्याच अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे साने गुरुजी शिक्षक होते, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. वसतिगृहातली मुले खेळायला गेली की गुरुजी त्यांचे कपडे धुवून ठेवीत, अंथरुणे नीट करीत. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. गरिबीचा संसार ओढणाऱ्या एका कोकणी आईची गोष्ट. मुलगा लिहिणारा निघाला म्हणून ती आई महाराष्ट्राला कळली. प्रेषितांचे चरित्रही गुरुजींनी मराठीत त्याच जिव्हाळ्याने लिहिले, ते आपल्या मुलांनी जरूर वाचावे.

जो माणसांचे आभार मानीत नाही तो अल्लाहचेही मानीत नाही, अशा आशयाची हदीस तुम्ही मौलवी साहेबांच्या तोंडून ऐकली असेल. पण आभार मानायचे तर आधी कशाबद्दल ते माहीत पाहिजे. घरात येणारे शंभर रुपये कसे येतात, हे किती मुलांना सांगता येईल? म्हणून त्या हातगाडीच्या प्रसंगानंतर मी नववीच्या वर्गाला एक गृहपाठ दिला. घरातल्या एका कष्ट करणाऱ्या माणसाजवळ संध्याकाळी अर्धा तास बसायचे. काम कसे चालते, सामान काय लागते, दिवसाला काय सुटते, सगळ्यांत अवघड भाग कोणता, आणि कामात हसू कधी येते, एवढे विचारायचे. मग दोन पाने लिहायची. मराठीत किंवा उर्दूत. लिहून झाले की ज्याच्याविषयी लिहिले त्याला वाचून दाखवायचे आणि त्याची सही किंवा अंगठा घेऊनच वही आणायची. 'माझे वडील फार महान आहेत' असली वाक्ये चालणार नाहीत, असे मी बजावले होते. तरी काहींनी लिहिलीच. असो.

वह्या आल्या. एकाने हमाल चुलत्याविषयी लिहिले. पोते पाठीवर घेताना श्वास कधी रोखायचा, हे मला त्याच्या वहीतून कळले. एकाने गवंडीकाम करणाऱ्या बापाविषयी लिहिताना ओळंबा म्हणजे काय त्याचे चित्रच काढले. केळीवाल्याच्या मुलाने भाव उतरवण्याचा तक्ता करून आणला, वेळ एका बाजूला, दर दुसऱ्या बाजूला. गणिताच्या सरांनी तो मागून नेला आणि वर्गात फळ्यावर काढला.

एका मुलीची आई घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. मुलीने दोन पाने चांगली लिहिली. सुई कितव्या नंबरची, दोरा साडीच्या रंगाला कसा जुळवायचा, रात्री वीज गेली तर मोबाइलच्या उजेडात काम कसे करतात, आणि गिऱ्हाईक बाई घासाघीस करू लागल्या की अम्मी त्यांची नक्कल कशी करून दाखवते, हे सगळे होते. पण वहीवर एका ठिकाणी खाडाखोड होती. मी कारण विचारले. ती म्हणाली, "सर, मी 'अम्मी रोज सहा साड्या करते' असं लिहिलं होतं. वाचून दाखवत होते तर अम्मीने मशीन थांबवली. म्हणाली, सहा नाही, आठ. दुरुस्त कर, मग सही करते."